आधी उपचार, मग निदान : महाधमनीच्या जन्मजात आकुंचनाचा इतिहास

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघालेली महाधमनी छातीत कमानीसारखी वळते, त्या कमानीवरून मस्तकाकडे आणि दोन्ही हातांकडे जाणाऱ्या शाखा फुटतात आणि डाव्या हाताची शाखा निघाल्यानंतर ती पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. या उतारालाच काही मुलांमध्ये जन्मतः ती आवळलेली असते. वैद्यकात या दोषाला ‘कोआर्क्टेशन’ म्हणतात. जन्मजात हृदयदोषांपैकी साधारण 5 ते 8 टक्के दोष या प्रकारचे असून मुलींपेक्षा मुलांमध्ये ते अधिक आढळतात. आवळलेल्या जागेच्या वर रक्तदाब चढलेला आणि खाली उतरलेला राहत असल्यामुळे हाताची नाडी जोरकस लागते, तर जांघेतली नाडी क्षीण असते, उशिरा येते किंवा मुळीच लागत नाही. बोटांनी तपासता येईल अशी इतकी सोपी खूण असूनही हा दोष दीडशेहून अधिक वर्षे मुख्यतः शवविच्छेदनातच सापडत राहिला, ही या इतिहासातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब आहे.

इटलीतील पाडुआचे शरीरशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांनी 1760 च्या सुमारास अशा आकुंचनाची नोंद केली होती. 1791 मध्ये पॅरिस नावाच्या फ्रेंच शवविच्छेदकाने एका स्त्रीच्या शवात केवळ आवळलेली महाधमनीच नव्हे, तर छातीच्या भिंतीतील फुगलेल्या, नागमोडी धमन्याही पाहिल्या. मुख्य मार्ग अडल्यावर रक्ताने शोधलेल्या या आडवाटांना पार्श्ववाहिन्या म्हणतात, आणि त्यांच्याच बळावर असे रुग्ण प्रौढ वयापर्यंत जगत. 1903 मध्ये बोने यांनी या दोषाचे ‘अर्भक’ आणि ‘प्रौढ’ असे दोन प्रकार पाडले. माँट्रियल येथील मॉड अ‍ॅबट यांनी 1928 मध्ये दोन वर्षांवरील वयाच्या 200 रुग्णांची छाननी प्रसिद्ध केली, तीही शवविच्छेदनांवर आधारलेलीच होती. महाधमनी फुटणे, मेंदूतील रक्तस्राव, हृदयाच्या आतील आवरणाला होणारा जंतुसंसर्ग आणि हृदय थकून निकामी होणे ही मृत्यूची कारणे तोवर नीट ठाऊक झाली होती. उपचार न झालेल्या रुग्णाचे सरासरी आयुष्य पस्तिशीच्या आसपास संपते, असे पुढील अभ्यासांनी दाखवले.

कारणमीमांसेचा वाद जुना असून तो आजही पूर्ण मिटलेला नाही. गर्भाची फुप्फुसे श्वसन करीत नसल्यामुळे त्यांच्याकडे निघालेले बरेचसे रक्त ‘डक्टस आर्टेरिओसस’ या जोडनळीतून थेट महाधमनीत उतरते, आणि जन्मानंतर काही दिवसांत ही नळी आकसून बंद होते. आकुंचनाची जागा नेमकी या नळीच्या तोंडाजवळच असते. म्हणूनच एडिंबरोचे क्रेगी यांनी 1841 मध्ये आणि व्हिएन्नाचे श्कोडा यांनी 1855 मध्ये असे मानले की, नळीची आकसणारी पेशीरचना महाधमनीच्या भिंतीत पसरते आणि नळी मिटताना तिलाही आवळून घेते. दुसरा विचार 1972 मध्ये रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केला : गर्भावस्थेत महाधमनीच्या या भागातून मुळातच थोडे रक्त वाहते, आणि हृदयातील एखाद्या दोषामुळे ते आणखी कमी झाले, तर तो भाग पुरेसा वाढतच नाही. दोन्ही स्पष्टीकरणे आपापल्या रुग्णांना लागू पडतात, असे म्हणणे रास्त ठरेल. अनेक रुग्णांची महाधमनीची झडप तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असते आणि टर्नर सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असलेल्या मुलींमध्ये हा दोष विशेष आढळतो; यावरून त्याची मुळे गर्भाच्या घडणीतच असल्याचे दिसते.

जिवंत रुग्णातील निदानाला क्ष-किरणांनी मोठी मदत केली. फुगलेल्या पार्श्ववाहिन्या बरगड्यांच्या खालच्या कडेला सतत घासून तेथे खाचा पाडतात, हे 1928-29 च्या सुमारास रोस्लर यांनी आणि स्वतंत्रपणे रेल्सबॅक व डॉक यांनी दाखवून दिले. मात्र या खाचा पडायला वर्षे लागत असल्याने तान्ह्या मुलात त्या दिसत नाहीत. शिवाय निदान झाले तरी पुढे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

ते उत्तर स्टॉकहोममधून आले. महाधमनी चिमट्याने बंद केली, तर मज्जारज्जू आणि मूत्रपिंडे रक्ताविना निकामी होतील, ही भीती शल्यवैद्यांचे हात बांधून ठेवीत होती. तेथील शल्यवैद्य क्लॅरेन्स क्राफूर्ड हे जन्मानंतरही उघडी राहिलेली जोडनळी बंद करण्याच्या शस्त्रक्रिया करीत असताना रक्तस्राव आवरण्यासाठी त्यांना महाधमनी जवळपास अर्धा तास बंद ठेवावी लागली होती, आणि तरीही रुग्णाला इजा झाली नव्हती. या अनुभवाच्या आधारे त्यांनी 19 ऑक्टोबर 1944 रोजी एका शाळकरी मुलाच्या महाधमनीचा आवळलेला तुकडा कापून काढला आणि दोन्ही टोके एकमेकांना शिवली. बारा दिवसांनी 27 वर्षांच्या एका शेतकऱ्यावर तीच शस्त्रक्रिया केली. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस कुत्र्यांवरील प्रयोगांतून त्याच दिशेने जात होते. 1945 च्या जूनअखेरीस त्यांचा पहिला रुग्ण दगावला. चिमटे एकदम सोडल्याने रक्त खालच्या अंगात उतरले आणि हृदयाला ते झेपले नाही. काही दिवसांतच दुसऱ्या रुग्णावर चिमटे हळूहळू सोडून त्यांनी यश मिळवले. यानंतर मात्र रक्तदाब चढलेल्या तरुणाची जांघेतली नाडी पाहणे ही वैद्याची जबाबदारी ठरली. रोग बरा होऊ शकतो हे कळल्यावरच तो शोधण्याची सवय जडली, असा या घटनाक्रमाचा अर्थ लावावा लागतो.

अर्भकांची गोष्ट वेगळी होती. गंभीर आकुंचन असलेल्या बाळाच्या खालच्या शरीराला त्या जोडनळीतूनच रक्त मिळते आणि ती मिटताच बाळ काही तासांत कोसळते. प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याच्या शिरेवाटे दिलेल्या मात्रेने नळी उघडी ठेवता येते, हे 1970 च्या दशकाच्या मध्यात सिद्ध झाले, आणि शल्यवैद्याला बाळ सावरेपर्यंत थांबता येऊ लागले. कापण्याऐवजी फुग्याने वाट रुंद करण्याची पद्धत 1980 च्या दशकात आली; पुढे मोठ्या मुलांत आणि प्रौढांत स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसवली जाऊ लागली.

भारतातील निदानात आणखी एक पेच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील प्रफुल्लकुमार सेन, किनरे, परुळकर आदींनी 1963 मध्ये महाधमनीच्या मधल्या भागातील आकुंचनाविषयी शोधनिबंध लिहिला. हे आकुंचन बहुधा धमनीच्या दाहामुळे उद्भवते. अशा रुग्णातही जांघेतली नाडी मंद लागते, त्यामुळे जागा आणि कारण दोन्ही तपासल्याशिवाय जन्मजात दोषाचा निर्णय करणे धोक्याचे असते.

शस्त्रक्रियेने रोग संपतो, हा पहिल्या पिढीचा विश्वास मात्र टिकला नाही. मेयो क्लिनिकमधील 646 रुग्णांच्या 1989 मधील अभ्यासात पुढे मरण पावलेल्यांचे सरासरी वय 38 निघाले, आणि शस्त्रक्रिया जितकी लहान वयात झाली, तितका पुढचा रक्तदाब आटोक्यात राहिला. कधी शिवलेल्या जागी पुन्हा आकुंचन होते, तर कधी धमनी रुंद करण्यासाठी लावलेल्या ठिगळाजवळ ती फुगते. म्हणून रुग्णाची तपासणी आयुष्यभर करावी लागते. त्यात रक्तदाब मोजायचा तो बहुधा उजव्या हातावर, कारण वाल्डहाउझेन आणि नार्वोल्ड यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत डाव्या हाताच्या धमनीचाच पदर उलटून महाधमनी रुंद केली जाते आणि त्या हातावरील आकडा फसवा ठरतो.