किरिल बेलोझेर्स्कीची प्रतिमा व तिच्या पेटीवरील लेख

रशियांतील जुन्या ‘आयकॉन’ म्हणजे लांकडी फळीवर रंगविलेल्या पूज्य प्रतिमा. त्यांवर चितार्‍याचें नांव किंवा काल बहुधा नसतो. किरिल बेलोझेर्स्की या ऑर्थोडॉक्स साधूची मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहांतील प्रतिमा यास अपवाद समजली जाते. हा समज कितपत टिकतो तें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

किरिल हा प्रथम मॉस्कोच्या सीमोनोव मठांत होता. इ. स. १३९७ मध्यें त्यानें उत्तरेस सिवेर्स्कोये सरोवराच्या कांठीं नवा मठ स्थापिला व १४२७ सालीं तेथेंच देह ठेविला. त्याच्या प्रतिमेसाठीं मठानें जगदुत्पत्तिवर्ष ७१२२ मध्यें, म्हणजे इ. स. १६१४ च्या सुमारास, पेटी करविली. तीवर लेख आहे तो असा कीं, चमत्कारकर्ता किरिल हयात असतांनाच दिओनिसी ग्लुशित्स्की यानें ६९३२ सालीं ही प्रतिमा काढिली. ५५०८ वजा करितां १४२४ येतें. मात्र त्या गणनेचा वर्षारंभ सप्टेंबरांत असल्यामुळें १४२३ चे शेवटचे चार महिनेही त्यांत धरले पाहिजेत. दिओनिसी १४३७ त वारला. तेव्हां कालदृष्ट्या विसंगति नाहीं.

परंतु लेख घटनेनंतर एकशें नव्वद वर्षांनीं कोरलेला आहे. बखरीस अस्सल पत्राची योग्यता आपण देत नाहीं. तोच न्याय येथेंही लागू. शिवाय १६१२-१३ मध्यें पोलिश-लिथुआनियन टोळ्यांचे हल्ले मठानें नुकतेच परतविले होते. अशा वेळीं संस्थापकाचें माहात्म्य वाढविण्याकडे मठवासीयांचा कल असणें स्वाभाविक होय. ‘चमत्कारकर्ता’ हा शब्दही भक्तांचा आहे, साक्षीदाराचा नव्हे.

आतां खुद्द चित्राकडे वळूं. अशा प्रतिमांवर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा लेप देत. तो शंभरेक वर्षांत काळवंडे, आणि मग त्यावरच नवे रंग चढवीत. १९१८ नंतर रशियांत हे थर शास्त्रीय पद्धतीनें काढण्याच्या कामास सरकारी आश्रय मिळाला व जुन्या चित्रकलेचें खरें स्वरूप अधिक दिसूं लागलें. थर दूर झालेल्या या प्रतिमेंत ठेंगणा, भरदार अंगाचा, मोठ्या डोक्याचा, सौम्य नजरेचा म्हातारा दिसतो. तपस्व्याचा ठराविक कृश सांचा येथें नाहीं. कोणा एका विशिष्ट माणसाचेंच हें रूप, असें पाहणारास वाटतें, आणि आम्हांसही तसेंच वाटतें.

तथापि वाटणें म्हणजे प्रमाण नव्हे. पाखोमी सर्ब हा किरिलचें चरित्र लिहिण्यासाठीं १४६२ च्या सुमारास मठांत आला, तेव्हां किरिलला प्रत्यक्ष पाहिलेले वृद्ध तेथें होते. म्हणजे मृत्यूनंतर पस्तीस वर्षेंपर्यंत त्याचा चेहरा आठवणींत जिवंत होता, व आठवणीवरूनही असें चित्र काढतां आलें असतें. जीर्णोद्धारानें प्रतिमा पंधराव्या शतकापर्यंत नेली. १४२४ पर्यंत नेली तीं पेटीवरील अक्षरांनींच. दिओनिसीच्या हातचें दुसरें निर्विवाद चित्र तुलनेस मिळेपर्यंत तें साल संभाव्य म्हणूनच नोंदावें.