उजाळा की आटणी?

चांदीच्या धंद्यात दोन शब्द फार महत्त्वाचे. एक उजाळा आणि दुसरा आटणी. हातकणंगले तालुक्यातलं आमचं हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखलं जातं. पैंजण, तोडे, वाळे, जोडवी, करदोटे असा माल इथल्या घराघरांत घडतो आणि देशभर जातो. कोणी जुना पैंजण घेऊन आलं की पहिला प्रश्न हाच, याला उजाळा द्यायचा की हा आटवायचा? उजाळा म्हणजे तुटलेल्या कडीला डाग द्यायचा, गळालेल्या घुंगरांच्या जागी नवी बसवायची, रिठ्याच्या पाण्यात घासून काळेपण काढायचं. आटणी म्हणजे मुशीत घालून वितळवायचं आणि त्या चांदीचा नवा दागिना करायचा. आटणीत चांदी राहते, पैंजण राहत नाही.

हाच प्रश्न आज मला एका अगदी वेगळ्या वस्तूबद्दल विचारायचा आहे. ती वस्तू म्हणजे रोलर कोस्टर. हुपरीच्या माणसाचं आणि रोलर कोस्टरचं काय नातं, असं कोणी म्हणेल. पण यात्रेतला आकाशपाळणा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पोटात गोळा येण्याचे पैसे आपण आनंदानं देतो. त्याच आनंदाचं मोठं, रुळांवरचं रूप म्हणजे रोलर कोस्टर. आणि जगात अशी कितीतरी माणसं आहेत, जी एखाद्या जुन्या रोलर कोस्टरची दुरुस्ती कशी व्हावी यावर वर्षानुवर्षं हिरिरीनं वाद घालतात. मला त्या वादाचं हसू येत नाही. उलट त्यातून आपल्याला काही शिकता येईल असं वाटतं.

या खेळाचं मूळ रशियात आहे. तिथे कडाक्याच्या थंडीत लाकडी सांगाडे उभारून त्यांवर पाणी ओतत. बर्फ जमला की उतारावरून घसरत खाली यायचं. पुढे फ्रान्समध्ये बर्फाऐवजी चाकं आली. १८१७ मध्ये पॅरिसला चाकांच्या गाड्या खोबणीतून धावू लागल्या. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन भाषांत या खेळाला आजही 'रशियन डोंगर' म्हणतात. गंमत अशी, की खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात! कारण पुढची वाढ अमेरिकेत झाली. १६ जून १८८४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर लामार्कस थॉम्पसन या गृहस्थानं आपली घसरगाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट आणि वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. आपली सायकल याहून जोरात जाते. पण लोकांनी रांगा लावल्या.

याचं तंत्र सोपं आहे. गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि तिथून पुढे सगळं काम पृथ्वीचं. चढताना जो टक टक आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खुंट्यांचा. पुढे जॉन मिलर या अभियंत्यानं रुळाच्या खालून धरणारी चाकं बसवली. त्यांचं पेटंट १९१९ चं. गाडी रूळ सोडून उडण्याची भीती गेली, तसे उतार जास्त उभे झाले आणि वळणं तीव्र झाली. १९२० चं दशक हा लाकडी रोलर कोस्टरचा सुवर्णकाळ. नंतर मंदी आली, महायुद्ध आलं आणि यातले बरेच मोडून टाकले गेले.

आता दुरुस्तीच्या वादाकडे येऊ. लाकडी रोलर कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांची चळत आणि वर पोलादाची पट्टी. ऊन, पाऊस, थंडी यांनी लाकूड फुगतं, आकसतं, वाकतं. म्हणून दरवर्षी काही फळ्या बदलाव्याच लागतात. कोनी आयलंडवरचा 'सायक्लोन' २६ जून १९२७ रोजी सुरू झाला. उंची ८५ फूट. इतक्या वर्षांत त्याचे रूळ तुकड्यातुकड्यानं कितीदा बदलले गेले. मग आपण ज्याला १९२७ चा सायक्लोन म्हणतो, त्यात १९२७ चं काय आहे?

आमच्या धंद्यात याचं उत्तर आहे. दागिन्यात तीन गोष्टी असतात. पहिली चांदी, दुसरा घाट, तिसरा नाद. चांदी झिजते, तिच्यात भर घालावी लागते. घाट म्हणजे दागिन्याचा आकार, तो कारागिरानं सांभाळायचा. आणि नाद म्हणजे चालताना जो आवाज येतो तो. पैंजण दुरुस्त करून दिल्यावर घरातली म्हातारी तो डोळ्यांनी बघत नाही, कानाशी धरून हलवते. नाद बदलला असेल तर ती म्हणते, "हा माझा न्हवं." वजनकाटा काहीही सांगो.

रोलर कोस्टरचे शौकीन नेमकं हेच करतात. त्यांचे तीन वाद म्हणजे या तीन गोष्टींचेच वाद आहेत.

पहिला वाद चांदीचा, म्हणजे मालाचा. अमेरिकेत टेक्सासमधल्या उद्यानात १९९० चा 'टेक्सास जायंट' हा प्रचंड लाकडी रोलर कोस्टर होता. तो फार आदळू लागला. तेव्हा लाकडी सांगाडा बहुतांशी ठेवून वरचा रूळ मात्र पोलादी केला गेला आणि २०११ मध्ये तो नव्या नावानं सुरू झाला. प्रवास गुळगुळीत झाला, उतार अधिक उभे झाले. शौकिनांत दोन तट पडले. एक म्हणे, मरायला टेकलेल्याला जीवदान मिळालं. दुसरा म्हणे, याला आता लाकडी कोण म्हणणार? त्या यशानंतर अनेक जुन्या लाकडी रोलर कोस्टरना पोलादी रूळ चढले. आमच्या भाषेत सांगायचं तर ही निम्मी आटणी.

दुसरा वाद घाटाचा. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स उद्यानात १९९४ मध्ये 'नेमेसिस' सुरू झाला. यात माणसं रुळाखाली लोंबकळत बसतात. त्या भागात झाडांच्या शेंड्यांवर बांधकाम न्यायला मनाई होती, म्हणून खडक फोडून खड्ड्यांतून रूळ फिरवला. अडचणीतून घाट जन्माला आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला, पोलादाचा बहुतेक रूळ नवा घातला गेला आणि मार्च २०२४ मध्ये तो 'नेमेसिस रिबॉर्न' या नावानं परत आला. वळणं तीच ठेवली, पण रंग काळा झाला आणि त्यावर लाल शिरा आल्या. ज्यांनी लहानपणी पहिला नेमेसिस अनुभवला होता, ते विचारत होते, वळणं तीच असली तरी त्याची जरब तशीच राहिली का?

तिसरा वाद नादाचा, आणि तो सर्वांत अवघड. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अल्टूना इथे 'लीप द डिप्स' नावाचा रोलर कोस्टर आहे, १९०२ चा. तो मिलरच्या चाकांच्या आधीचा. रुळाखालून धरणारी चाकंच त्याला नाहीत. उंची ४१ फूट आणि वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. १९८५ मध्ये तो बंद पडला. प्रेमी मंडळींनी पैसे जमवले, १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये तो पुन्हा धावला. दुरुस्ती करताना त्याला वेगवान करण्याचा मोह कोणी धरला नाही. त्याचा हलका हिसका हाच त्याचा नाद होता. इंग्लंडमध्ये मारगेट इथल्या १९२० च्या 'सीनिक रेल्वे'चंही तसंच. २००८ मध्ये तिला आग लागली. २०१५ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा गाडीबरोबर बसून हातानं ब्रेक लावणारा माणूसही पूर्वीसारखा ठेवला गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाद जपायचा म्हणजे धोका जपायचा असं नव्हे. कुजलेली फळी, गंजलेला बोल्ट हा काही वारसा नाही. तो बदललाच पाहिजे. उजाळा देणारा कारागीरही तुटकी कडी तशीच ठेवत नाही, नाहीतर पैंजण रस्त्यात गळून पडेल.

सायक्लोनची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. १९७० च्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी तो पाडायचं घाटत होतं. जागा शहराच्या मालकीची होती आणि कोनी आयलंडला उतरती कळा लागली होती. पण लोकांनी आरडाओरडा केला. १९७५ मध्ये तो भाडेपट्ट्यानं दिला गेला, दुरुस्त झाला आणि पुन्हा सुरू झाला. १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहरानं त्याला संरक्षित वास्तू ठरवलं. १९७८ मध्ये तर अमेरिकेतल्या रोलर कोस्टरप्रेमींनी स्वतःची संघटनाच काढली. जपण्याची सुरुवात भांडणातून झाली, हे लक्षात घ्या.

आता आपल्याकडे पाहू. दिल्लीचं अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झालं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या हत्तीचं नाव त्याला दिलेलं. २००८ मध्ये ते बंद झालं. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. शाळेची सहल म्हणजे खाडी ओलांडून एस्सेलवर्ल्ड, असं एका पिढीचं समीकरण होतं. २०२२ मध्ये तेही प्रेक्षकांसाठी बंद झालं. हळहळ झाली, जुने फोटो निघाले. पण त्यातला एखादा तरी पाळणा जपून ठेवा, त्याचा घाट असा होता, त्याचा हिसका तसा होता, असा वाद माझ्या तरी ऐकिवात नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये आज मोठे रोलर कोस्टर आहेत. तेही एक दिवस जुने होतील. यात्रेतला पाळणा तर गावोगाव सोडवला जातो आणि पुन्हा जोडला जातो. त्याचं वय कोणी विचारत नाही.

आपल्याला जपणं कळत नाही, असं मात्र नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी उभारलं. १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून ते सुरू झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झालं. माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. आणि लगेच मागणी झाली ती "जसं होतं तसंच हवं" अशी. त्यावर वादही झाले. लाकूड कोणतं, खुर्च्या कशा, रंगमंच किती मोठा. या वादाला कोणी कटकट म्हणू नये. तिथल्या दगड-लाकडाची यादी कागदावर मिळेल, घाट जुन्या छायाचित्रांतून सापडेल. पण शेवटच्या रांगेत बसलेल्याला गाणं कसं ऐकू यायचं, हे तिथे बसलेल्या माणसालाच ठाऊक. नाद नकाशात नसतो, तो माणसांच्या आठवणीत असतो. ती माणसं बोलली नाहीत, तर इमारत उभी राहील आणि नाट्यगृह राहणार नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुमच्या गावात एखादी जुनी आवडती गोष्ट दुरुस्तीला निघाली, मग ते टॉकीज असो, बागेतली घसरगुंडी असो की तालमीचा हौदा, तर तीन प्रश्न जरूर विचारा. यातला माल किती बदलणार? घाट कोण सांभाळणार? आणि नाद कोणाला विचारणार? उत्तरं एकमतानं मिळणार नाहीत. न मिळोत. ज्या वस्तूसाठी चार माणसं भांडतात, तिला उजाळा मिळण्याची आशा असते. जिच्यासाठी कोणी भांडत नाही, ती गुपचूप मुशीत जाते.