विनोदी मालिकांची पहिली पिढी: कलावंत निवर्तले, चित्रफिती किती उरल्या?

२०२५ या वर्षात छोट्या पडद्यावरील विनोदाचे दोन लाडके चेहरे काळाच्या पडद्याआड गेले. 'चिमणराव' मालिकेतील गुंड्याभाऊ म्हणून घराघरांत पोहोचलेले ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचे २८ ऑगस्ट रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी मुंबईत निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी, २५ ऑक्टोबर रोजी, 'ये जो है जिंदगी' आणि 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या मालिका गाजविणारे सतीश शाह वयाच्या ७४ व्या वर्षी निवर्तले.

या दोन्ही कलावंतांवर प्रेक्षकांनी सारखेच प्रेम केले. मात्र त्यांच्या कामाच्या वाट्याला आलेले भवितव्य सारखे नाही. सतीश शाह यांचा इंद्रवदन साराभाई आजही हवा तेव्हा पाहता येतो. बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊचे मात्र फार थोडे भाग पाहायला मिळतात. तो प्रामुख्याने उरला आहे तो त्या काळच्या प्रेक्षकांच्या आठवणीत.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ

चिमणराव ही चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) यांची मानसकन्या नव्हे, तर मानसपुत्रांची जोडीच म्हणावी लागेल, कारण गुंड्याभाऊवाचून चिमणराव अपुरा आहे. मास्टर विनायक यांनी १९४० साली 'लग्न पहावे करून' या चित्रपटात ही जोडी प्रथम पडद्यावर आणली. तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते, तर विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या केंद्राने हीच पात्रे मालिकारूपाने सादर केली. दिलीप प्रभावळकर यांचा भित्रा, सोशिक चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा धिप्पाड, सोटाधारी गुंड्याभाऊ प्रेक्षकांच्या मनात इतके ठसले, की जोशींची पुस्तके वाचतानाही पुढे तेच चेहरे डोळ्यांसमोर येऊ लागले.

देशव्यापी प्रसारणाला १९८२ साली आरंभ झाला. तोपर्यंत मुंबई केंद्राचे कार्यक्रम मुख्यतः मुंबई, पुणे व त्यांच्या आसपासच्या भागातच दिसत. जबलपूर, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबांना चिमणराव पुस्तकांतून ठाऊक होता, परंतु दूरदर्शनवरील चिमणराव त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

फीत पुसण्याची पद्धत

त्या काळी ध्वनिचित्रफीत ही महागडी वस्तू होती. कार्यक्रम प्रसारित झाला, की तीच फीत पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम मुद्रित केला जाई. पुनःप्रक्षेपणाचे महत्त्व तेव्हा कोणाच्या फारसे लक्षात आले नव्हते. मुंबई केंद्राचे आरंभीचे अनेक कार्यक्रम याच पद्धतीने नष्ट झाले.

हा प्रकार केवळ भारतातच घडला असे नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही अनेक चित्रफिती पुसल्या. १९६८ ते १९७७ या काळात गाजलेल्या 'डॅड्स आर्मी' या मालिकेचे तीन भाग आजही सापडलेले नाहीत. या मालिकेतील पलटणीच्या प्रमुख कलावंतांपैकी अखेरचे इयन लॅव्हेंडर यांचे फेब्रुवारी २०२४ मध्ये निधन झाले. याउलट अमेरिकेतील 'आय लव्ह लुसी' ही मालिका १९५१ पासूनच चित्रपटाच्या फिल्मवर चित्रित झाली. तिच्यातील चारही प्रमुख कलावंत १९८९ पर्यंत निवर्तले, तरी मालिका सुस्थितीत आहे.

राष्ट्रीय प्रसारणाचे पर्व

१९८४ साली सुरू झालेल्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेचे लेखन शरद जोशी यांचे होते. तिच्यात सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नवे पात्र रंगवीत. मालिकेचे नायक शफी इनामदार १९९६ साली गेले. १९८६ च्या 'नुक्कड'मधील दिलीप धवन २००० साली, तर खोपडीच्या भूमिकेने लोकप्रिय झालेले समीर खक्कर २०२३ साली निधन पावले. १९८९ च्या सुमारास आलेल्या 'मुंगेरीलाल के हसीन सपने' या मालिकेचे नायक, जबलपूरचे सुपुत्र रघुवीर यादव, मात्र 'पंचायत' या मालिकेतून २०२० नंतरच्या नव्या पिढीलाही परिचित झाले.

'हम पांच' (१९९५) या मालिकेत अशोक सराफ यांच्या दिवंगत पहिल्या पत्नीची भूमिका प्रिया तेंडुलकर यांनी केली होती. भिंतीवरील तसबिरीतून ती पतीशी बोलत असे. २००२ साली प्रिया तेंडुलकर यांचे अकाली निधन झाले आणि विनोदासाठी योजलेल्या त्या प्रसंगांना करुणेची किनार लाभली.

जागा भरून निघते का?

कलावंत गेल्यावर निर्मात्यांपुढे मोजकेच मार्ग उरतात. दीर्घकाळ चालणाऱ्या 'तारक मेहता का उल्टा चष्मा' या मालिकेत कवी कुमार आझाद (२०१८) आणि घनश्याम नायक (२०२१) यांच्या निधनानंतर त्यांच्या भूमिका अन्य कलावंतांकडे सोपविण्यात आल्या. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील 'वागळे की दुनिया' (१९८८) या मालिकेची नवी आवृत्ती २०२१ साली आली. तिच्यात अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर हे मूळ दांपत्य आजी-आजोबा झाले आणि कथा त्यांच्या मुलाकडे गेली.

तिसरा मार्ग पुनःप्रक्षेपणाचा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' या मालिका पुन्हा दाखविल्या. 'श्रीमान श्रीमती'मधील केशव कुलकर्णी म्हणजे जतीन कनाकिया १९९९ साली, तर कोकिळा म्हणजे रीमा लागू २०१७ साली निवर्तल्या होत्या. तरीही कुलकर्णी दांपत्याने घरांत अडकून पडलेल्या प्रेक्षकांना पुन्हा हसविले. फिती जपल्या गेल्या होत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे डिजिटल व्यासपीठ सुरू केले असून, त्याद्वारे दूरदर्शनचे जुने कार्यक्रमही उपलब्ध करून देण्यात आले आहेत. जबलपूरच्या मराठी प्रेक्षकाला आता मुंबई केंद्राचे अंतर उरलेले नाही. पण त्याला पाहता येईल ते फक्त पुसण्यावाचून राहिलेले. चिमणरावांच्या घरात गुंड्याभाऊने घातलेल्या गोंधळाचा मोठा भाग त्यात नाही.