ठेव आणि किल्ली

गणपतीचे दिवस जवळ आले की आमच्या पेण तालुक्यात हमरापूर, जोहे या बाजूला बोलायला कुणाला सवड नसते. अशाच ऐन घाईच्या दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी हाताचा रंग न पुसताच माझ्याकडे आला. घरचा मूर्तींचा कारखाना. वडिलांनी वीस-पंचवीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठवलेली ठेव २०१० साली बँकेत अडकली, हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, "सर, बँकेचं आम्ही बघितलं. आता थोडा पैसा मोबाइलमधल्या त्या आभासी नाण्यांत घालावा म्हणतो. पण त्याला पाकीट लागतं म्हणे. कुठलं पाकीट पक्कं, ते सांगा."

मी पडलो इतिहासाचा माणूस. मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे माझी मजल फारशी नव्हती. "हे मला विचारू नकोस," असे म्हणून मी त्याला वाटेला लावले. पण तो गेल्यावर माझ्या मनात आले की प्रश्न वाटतो तितका नवा नाही. ठेव कुठे ठेवावी आणि तिची किल्ली कोणापाशी असावी, हा प्रश्न पेण-रोह्याच्या माणसांना शतकानुशतके पडत आला आहे. तेव्हा हा इतिहास एकदा नीट आठवावा आणि मग त्या मुलाला उत्तर द्यावे, असे मी ठरवले. आज आपल्यापुढे तेच मांडतो.

सर्वांत जुनी रीत आपल्याला ठाऊकच आहे. चार रुपये, चार दागिने हंड्यात घालायचे आणि हंडा जमिनीत पुरायचा. या रीतीत ठेवही आपल्यापाशी आणि किल्लीही आपल्यापाशी. किल्ली म्हणजे काय, तर 'अमुक चुलीच्या उजव्या अंगाला दोन हात' एवढी आठवण. चोराला ती सापडत नसे हा गुण. पण म्हातारा अचानक गेला तर पोरांनाही ती सापडत नसे, हा दोष. गावोगाव पुरलेल्या धनाच्या आणि त्यावरच्या नागाच्या गोष्टी आपण ऐकतो. माझ्या मते त्या गोष्टींच्या मुळाशी हीच हळहळ आहे. धन आहे, पण वाट सांगणारा गेला.

पुढे व्यापार वाढला. अंतोऱ्याच्या बंदरावरून आणि खाडीकाठच्या आगरांतून मीठ निघे व बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. नाणीही एका छापाची नव्हती. आंग्र्यांच्या काळी अलिबागला टाकसाळ होती, तिथला रुपया 'अलिबागी' म्हणून ओळखला जाई. दुसऱ्या मुलखात तो चालवायचा तर सराफाला बट्टा द्यावा लागे. रोकड घेऊन घाटातून जाणे धोक्याचे, म्हणून व्यापारी हुंडी वापरीत. एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेला तो कागद. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, मुदतीनंतर द्यायचे ती मुदती. 'शहाजोग' हुंडी असेल तर ती बाजारातल्या पतदार असामीलाच चुकती करायची. वाटेत कुणी पळवली तरी चोराला तिचे पैसे मिळणे अवघड.

या हुंडीच्या रिवाजातली एक गोष्ट मी आपल्याला मुद्दाम सांगतो, कारण पुढे तिचे काम आहे. हुंडी हरवली तर सराफ दुसरी प्रत लिहून देई, तिला 'पेठ' म्हणत. पेठही हरवली तर तिसरी, ती 'परपेठ'. आणि पैसे एकदा चुकते झाले की तो कागद 'खोखा' झाला, म्हणजे पोकळ. त्यावर पुन्हा कुणी मागणी करू शकत नसे. म्हणजे हरवणे, चोरी आणि दुबार मागणी, या तिन्ही संकटांवर आपल्या सराफांनी तोड काढली होती. मात्र ती तोड चालायची ती माणसामाणसांतल्या ओळखीवर. सराफ तुम्हाला चेहऱ्याने ओळखत होता, म्हणून पेठ मिळत होती.

इंग्रजी अमदानीत ही ओळख संस्थेच्या हाती गेली. १८८२ साली पोस्टात बचत खाती निघाली, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली. आणि इथे रोह्याने अभिमानाने मान वर करावी अशी गोष्ट येते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे. त्यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला, पण घराणे रोह्याचे आणि बालपणही बरेचसे तिथलेच. १९४३ ते १९४९ या काळात ते गव्हर्नर होते. त्या काळच्या नोटांवर त्यांची सही आहे. नोट म्हणजे तरी काय? कागदाचा तुकडा. त्याला किंमत येते ती त्यावरच्या वचनामुळे आणि त्या वचनाखालच्या सहीमुळे. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी बँकांवर देखरेख ठेवणारा कायदाही आला.

पुढे १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला. सुरुवातीला त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपये होती. सहकारी बँकांना हे छत्र १९६८ सालच्या कायद्यातील दुरुस्तीनंतर मिळू लागले. १९९३ साली मर्यादा १ लाख झाली आणि २०२० साली ५ लाख.

इतके सगळे असून पेणला काय झाले ते आपण जाणता. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले. बोगस कर्जांचे शेकडो कोटींचे प्रकरण बाहेर आले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. मूर्तिकार, आगरी शेतकरी, निवृत्त शिक्षक, मुलीच्या लग्नासाठी पै-पै जमवणाऱ्या बाया, सगळे मोर्च्यात उभे राहिले. वर्षामागून वर्षे गेली. बँक निर्बंधांत असली तर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी, हा नियम संसदेने केला तो २०२१ साली. तो अकरा वर्षे आधी असता, तर आपल्या किती घरांतली चूल थंड पडली नसती!

तेव्हा त्या मुलाचा राग मला समजतो. किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसऱ्याने दगा दिला. "आता किल्ली माझ्यापाशीच," असे तो म्हणतो. आणि नेमके याच विचारातून हे नवे नाणे जन्माला आले आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, अमेरिकेतल्या मोठमोठ्या पेढ्या कोसळत असताना, सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनची वही सुरू झाली. हा सातोशी कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही. त्याचे म्हणणे असे की मध्ये सराफ नको, बँक नको, सही नको. सर्वांची एकच जमाखर्चाची वही, तिची प्रत हजारो संगणकांवर, आणि गणिताने बांधलेली, म्हणजे मागचे पान कुणाला खोडता येऊ नये. आपल्या भाषेत सांगायचे तर, प्रत्येक हुंडी चुकती होताच सगळ्या जगासमोर तिचा खोखा होतो.

आता पाकिटाची गोष्ट. हे पाकीट म्हणजे नाण्यांची पिशवी, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे ते नाही. नाणी त्या वहीतच असतात. पाकिटात असते ती फक्त किल्ली, एक प्रचंड मोठा गुप्त आकडा. ज्याच्यापाशी तो आकडा, त्याची नाणी. म्हणून 'पाकीट कुठले?' याचा खरा अर्थ 'किल्ली कोणापाशी?' असाच होतो.

त्यावरून पाकिटांच्या दोन जाती पडतात. पहिल्या जातीत किल्ली कंपनीपाशी असते आणि आपल्यापाशी नुसते खाते. सोपे आहे, परवलीचा शब्द विसरलात तर कंपनी नवा देते. म्हणजे पेठ मिळते. पण हे पुन्हा बँकेसारखेच झाले, आणि तेही विम्यावाचून. टोकियोतील माउंट गॉक्स ही पेढी २०१४ साली बुडाली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीशी झाल्याचे तिने सांगितले. त्यातली दोन लाख पुढे सापडली. आपल्याकडे मुंबईच्या वझीरएक्स या कंपनीवर १८ जुलै २०२४ रोजी दरोडा पडला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. ती तिजोरी एका किल्लीची नव्हती, अनेकांच्या सह्यांनी उघडणारी होती. देवळाच्या पेटीला दोन कुलपे आणि किल्ल्या दोन पंचांकडे, तशातला प्रकार. तरीही चोरी झाली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, पडद्यावर एक मजकूर दिसत होता आणि सही भलत्याच मजकुरावर झाली. ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ आपली नाणी काढता आली नाहीत. पेणकरांना हे नव्याने सांगायला हवे का?

दुसऱ्या जातीत किल्ली आपल्याच मोबाइलमध्ये राहते. पाकीट सुरू करताना ते आपल्याला बारा किंवा चोवीस साधे शब्द देते. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात. मोबाइल पाण्यात पडला तरी हेच शब्द, याच क्रमाने, दुसऱ्या मोबाइलमध्ये भरले की किल्ली परत मिळते. पण हे शब्दच गेले तर? तर पेठ नाही, परपेठ नाही. कुठल्या कचेरीत अर्ज करता येत नाही, मोर्चा काढायला दारच नाही. वेल्समधील न्यूपोर्टच्या एका गृहस्थाची हजारो बिटकॉइनची किल्ली २०१३ साली संगणकाच्या जुन्या तबकडीबरोबर चुकून कचऱ्यात गेली. उकिरडा उपसू द्या, ही त्याची मागणी जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळली. हंडा पुरलेला आहे, जागाही ठाऊक आहे, पण हात पोचत नाही!

मग मोबाइलवरचे पाकीट निवडायचे तर काय पाहावे? मी जाणकारांना विचारले, स्वतः थोडे वाचले, त्यातून निघालेले सार असे. पहिले, शब्द आपल्यालाच देते, की किल्ली कंपनी ठेवते, हे आधी पाहा. दुसरे, त्या पाकिटाची घडण कोणालाही तपासता येईल अशी उघडी आहे का आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी ती तपासली आहे का, हे पाहा. तिसरे, ते घ्यायचे तर कर्त्यांच्या अधिकृत ठिकाणाहून. कुणी व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला म्हणून घ्यायचे नाही. हुबेहूब नावाची खोटी पाकिटे बाजारात पुष्कळ आहेत. चौथे, बारा शब्द कागदावर शाईने लिहा, त्याचा फोटो काढू नका, मोबाइलमध्ये लिहून ठेवू नका. पाचवे, पैसे घालण्यापूर्वी एकदा पाकीट पुसून टाका आणि कागदावरून पुन्हा उभे करून पाहा. आग लागण्यापूर्वी विहिरीचा दोर तपासावा तसे हे आहे. सहावे, पाठवताना आधी अगदी थोडी रक्कम पाठवा आणि पत्त्याची सुरुवात व शेवट दोन्ही ताडून पाहा, कारण नक्कल केलेला पत्ता गुपचूप बदलणारे चोरटे कार्यक्रम आहेत. आणि सातवे, "मी कंपनीतून बोलतो, तुमचे शब्द सांगा," असे म्हणणारा माणूस चोरच समजावा. याला अपवाद नाही.

रक्कम मोठी असेल तर ती मोबाइलवर ठेवूच नये. इंटरनेटपासून किल्ली दूर ठेवणारे छोटे यंत्र मिळते. २०१४ साली चेक देशात त्याचा पहिला नमुना विक्रीस आला. मोबाइल म्हणजे सदऱ्याचा खिसा. बाजाराला जाताना खिशात जेवढे घेऊन जातो, तेवढेच त्यात असावे.

आणखी एक. ही नाणी आपल्या देशात कायदेशीर चलन नाहीत. रिझर्व्ह बँक २०१३ पासून त्यांच्याविषयी सावध करत आली आहे. तिने २०१८ साली बँकांना घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केली, हे खरे. पण म्हणून त्यांच्यामागे कुणाची हमी उभी राहिली नाही. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. भाव तर भरती-ओहोटीसारखा. पाकीट कितीही पक्के असले तरी आतल्या नाण्याची किंमत ते सांभाळत नाही. म्हणून 'घ्या' असे मी कुणालाही म्हणत नाही. घेणारच असाल तर डोळे उघडे ठेवून घ्या, एवढेच म्हणतो.

विसर्जनानंतर त्या मुलाला मी बोलावून घेतले आणि हे सारे सांगितले. त्याच्याबरोबर वडीलही आले होते. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले, "सर, तो बारा शब्दांचा कागद हा कुठं ठेवणार, ते मला आणि याच्या आईला ठाऊक असायला हवं ना?"

आमच्या सबंध चर्चेत हे आम्हा दोघांनाही सुचले नव्हते. पुरलेल्या हंड्याचा जुना दोष त्या गृहस्थाने एका वाक्यात पकडला. मी त्यांना म्हटले, "हवं तर. शब्द वाचायचे नाहीत, पण पाकीट बंद करून कुठं ठेवलंय ते घरातल्या दोघांना ठाऊक हवं." मग बापलेकांनी आपसांत ठरवले की पुढच्या हंगामाच्या मातीरंगाचे पैसे पोस्टातच राहतील आणि मुलगा आपल्या कमाईतला, बुडाला तरी चूल अडणार नाही एवढाच भाग मोबाइलमध्ये ठेवील.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलांना हुंडीचा धडा शिकवाल तेव्हा पेठ आणि परपेठ हे शब्द जरूर सांगा. आणि त्यानंतर त्यांना विचारा, की तुमच्या मोबाइलमधल्या ठेवीची किल्ली कोणापाशी आहे, आणि ती हरवली तर पेठ कोण लिहून देणार? ज्याला याचे उत्तर देता येईल, त्यालाच पाकीट निवडता येईल.