दृष्टिपटलाचे थर, ग्लुकोज आणि सिकलसेल

गोंदिया जिल्ह्यातलं चिचगड ज्या देवरी तालुक्यात येतं, त्या भागात सिकलसेलच्या रक्ततपासणीतले ‘एएस’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द कुणाला नवे नाहीत. पण सिकलसेलचं बोलणं सांधेदुखी, प्लीहा, रक्त चढवणं इथवरच येऊन थांबतं. डोळ्याचं नाव निघत नाही. ते निघायला हवं, आणि त्याचं कारण दृष्टिपटलाचे थर ग्लुकोज कसं खर्चतात यात आहे.

अर्ध्या मिलिमीटरहून पातळ अशा या पडद्याला रक्त दोन बाजूंनी मिळतं. बाहेरच्या प्रकाशग्राही पेशींना मागचा रक्तवाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड पोसतं, आतल्या थरांना मध्यवर्ती धमनीच्या फांद्या.

ऑक्सिजन हाताशी असतानाही दृष्टिपटल ग्लुकोजचं लॅक्टेट करतं, हे ऑटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं. हे काम मुख्यतः प्रकाशग्राहींचं. या वाटेनं एका ग्लुकोजमागे जेमतेम 2 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) हाती लागतात; पूर्ण ज्वलनात सुमारे 30. उधळपट्टीच ही! पण प्रकाशग्राहींपैकी दंडपेशीच्या टोकाचा साधारण दहावा हिस्सा रोज झडतो आणि नव्यानं बांधावा लागतो; त्या बांधकामाला कच्चा माल इथूनच मिळत असावा. लॅक्टेटही फुकट जात नाही. शेजारच्या रंजकपेशी ते जाळतात, आणि म्हणूनच कोरॉइडकडून आलेलं ग्लुकोज स्वतः न खाता पुढे सोडतात. दंडपेशी मेल्या की ही देवघेव बिघडते आणि मागोमाग उरलेल्या प्रकाशग्राहींची, म्हणजे शंकूपेशींची उपासमार होते.

आतल्या चेतापेशींची भिस्त मात्र ज्वलनावर, म्हणजे ऑक्सिजनवर. त्यांच्या खोल केशवाहिन्या अरुंद. अंधारात प्रकाशग्राहींचे सोडियम-पंप जोरात चालतात, तेव्हा तेही या केशवाहिन्यांतूनच थोडा ऑक्सिजन ओढतात. ऑक्सिजन सुटला की सिकल हिमोग्लोबिनच्या लांब साखळ्या बनतात, तांबडी पेशी ताठरते आणि वाहिनी तुंबते. थर जितका ऑक्सिजन ओढून घेतो, तितका तो स्वतःचाच रस्ता बंद करण्याचा धोका ओढवून घेतो.

पडद्याच्या दूरच्या कडेला हे जास्त घडतं. तिथला रक्तहीन भाग नव्या वाहिन्यांना बोलावणारी रसायनं सोडतो. पंख्यासारख्या पसरलेल्या त्या नाजूक वाहिन्या एखाद्या दिवशी फुटतात. तोवर मधला भाग शाबूत असल्यानं रुग्ण तपासणीच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवतो. त्यामुळे ‘नजर चांगली आहे’ या शेऱ्याला इथे फारसा अर्थ नाही. एसएस रुग्णाच्या बाहुल्या थेंब घालून मोठ्या करून पडद्याची कड पाहावी लागते, आणि ही तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी व्हावी, असा संकेत आहे.