रहस्य : एकांतात जन्मलेला शब्द

निर्जन स्थळी भय आणि प्रीती यांची गुंफण करणाऱ्या गॉथिक प्रेमकथांना मराठीत सर्रास ‘रहस्यमय’ म्हटले जाते, आणि ते मुळाला धरूनच आहे. कारण संस्कृतात ‘रहस्’ म्हणजे एकांतस्थळ, व तेथे जे घडते वा सांगितले जाते ते रहस्य, म्हणूनच प्रेमिकांचे गुज आणि निवडक शिष्यांनाच दिली जाणारी उपनिषदांची विद्या या दोहोंना हा एकच शब्द लागला.

वऱ्हाडात हा जुना अर्थ प्रत्यक्ष जगले ते अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील म्हाइंभटांनी येथे ‘लीळाचरित्र’ हा गद्यग्रंथ सिद्ध केला, आणि पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे देवनागरी अक्षरांऐवजी ठरावीक खुणा योजणाऱ्या सांकेतिक लिपीत, जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उकलेपर्यंत आद्य मराठी गद्याचे हे भांडार पंथाबाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ अज्ञात राहिले, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे.

टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) हाच शब्द ‘मर्म’ झाला, तर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत गुन्ह्याचा पेच. हिंदीत ईश्वरानुभवाच्या काव्यविचाराला ‘रहस्यवाद’ म्हणतात. मराठी तेथे ‘गूढवाद’ वापरते. आज ‘यशाचे रहस्य’ जाहीर व्याख्यानांतून सांगितले जाते, म्हणजे एकांत गळून मर्म तेवढे उरले आहे; आणि एकेकाळी लिपीआड राहिलेल्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे.