तांब्याभर समुद्र

पुण्यात काय मिळत नाही, असं अस्सल पुणेकराला विचारलंत तर तो म्हणेल, "जे मिळत नाही त्याची आम्हाला गरज नाही." समुद्र हा त्यातलाच एक जिन्नस. खडकवासल्याच्या काठाला आम्ही 'चौपाटी' म्हणतो, तिथे भेळ खातो आणि समाधानाने घरी येतो. अशा गावात राहून मी समुद्र पाळायचं ठरवलं, यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी.

दोष माझ्या सात वर्षांच्या नातवाचा. त्याने 'फाइंडिंग निमो' हा 2003 सालचा सिनेमा बाविसाव्यांदा पाहिला आणि जाहीर केलं, "आजोबा, मला निमो पाहिजे." मी लगेच "आणू" म्हणालो. सेवानिवृत्त माणसाला 'नाही' म्हणायची सवय राहत नाही, कारण त्याला मुळात कुणी काही विचारतच नाही.

निमो म्हणजे क्लाऊनफिश, आपला विदूषक मासा. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे, चालणं असं की पाय असते तर फेंगडे पडले असते. हा मासा खाऱ्या पाण्यातला. दुकानदार म्हणाला, "काही नाही हो काका, आज टाकी लावा, उद्या मासे सोडा." ऐंशी लिटरची टाकी, पंप, हीटर, दिवा आणि खास मीठ. लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मिठाची बेरीज पावणेतीन किलोच्या वर गेली.

"पावणेतीन किलो मीठ?" आमची ही म्हणाली. "मासे पाळताय की लोणचं घालताय?"

"हे साधं मीठ नव्हे. यात मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे."

"मग तुम्हीच घ्या की चमचाभर."

दुसऱ्या दिवशी दोन मासे आले. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. नातू रडेल म्हणून मी त्याला उठवण्याआधीच ते काढणार होतो, पण तो माझ्या आधी उठून टाकीसमोर बसला होता. तो रडला नाही. त्याने फक्त विचारलं, "आजोबा, त्यांना काय पाहिजे होतं?"

मला उत्तर येत नव्हतं. चौतीस वर्षं हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला उत्तर येत नसलं की तो एकच गोष्ट करतो. जुनी फाईल काढायला सांगतो. इथे सांगायला शिपाई नव्हता, म्हणून फाईल मीच काढली. काचेच्या पेटीत समुद्र भरण्याचा उद्योग पहिल्यांदा कुणी केला आणि त्याचे मासे का मेले नाहीत, एवढंच मला बघायचं होतं.

फाईलचं पहिलं पान निघालं सिसिलीतल्या मेसिना गावचं, साल 1832. जान विलप्रू-पॉवर नावाची फ्रेंच बाई. बाप चांभार, स्वतः पॅरिसमध्ये शिवणकाम करणारी. 1816 साली एका राजकन्येचा लग्नाचा पोशाख तिने शिवला. पुढे एका इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून मेसिनाला आली आणि तिथे तिला आर्गोनॉट नावाच्या अष्टपादाचं वेड लागलं. हा प्राणी एका नाजूक, कागदासारख्या शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्या कुणाचा ढापलेला, यावर विद्वानांचं भांडण चाललं होतं. विद्वान भांडत होते ते खुर्चीत बसून. या बाईने काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यात समुद्राचं पाणी आणि जिवंत आर्गोनॉट ठेवले, आणि शिंपला फुटला की प्राणी स्वतःच तो दुरुस्त करतो हे डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे घर मालकीचं, भाड्याचं नव्हे. आमच्या पेठेत असले वाद कोर्टात तीन पिढ्या चालतात. बाईने ते एका पेटीत मिटवले. 1838 साली तिचा संग्रह नेणारं जहाज बुडालं आणि बरंचसं काम समुद्राने परत घेतलं, तो भाग वाचताना मला माझ्या दोन माशांचं दुःख जरा लहान वाटायला लागलं.

पण मेसिना पडलं समुद्रकाठी. पाणी शिळं झालं की नवं आणता येतं. समुद्र नसलेल्या गावात काय करायचं?

दुसरं पान लंडनचं. 1846 साली अ‍ॅना थिन नावाची एक सरदारघराण्यातली बाई टॉर्की या किनाऱ्यावर गेली होती. नवरा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतला मोठा पाद्री. खडकांवर तिला जिवंत प्रवाळ सापडले. प्रवासात ते आपटू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने चक्क एका स्पंजाला टाचले, दगडी बरणीत ठेवले आणि लंडनला आणले. आता समुद्राचं पाणी रोज कुठून आणायचं? मग तिने युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. रोज अर्धा-पाऊण तास. अर्थात हे ओतण्याचं काम बाईसाहेबांनी केलं नाही, ते घरच्या मोलकरणीकडे होतं. प्रवाळ जगले, वाढले, त्यांना पिलंही झाली. इतिहासात अ‍ॅना थिनचं नाव आहे. मोलकरणीचं नाही. जगातला पहिला एअरपंप ती होती, आणि तिला महिन्याचा पगार मिळत असणार.

हे मी हिला वाचून दाखवलं. ही भांडी विसळत होती. म्हणाली, "यात नवीन काय?"

तिसरं पान रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचं, 1850 सालचं. त्याने गोड्या पाण्यात सोनमासे ठेवले, सोबत पाणवनस्पती लावली. मासे सोडतात ते वनस्पती घेते, वनस्पती सोडते ते मासे घेतात, असा सुखी संसार. पण वनस्पतीची पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेलं खाल्लं आणि पाणी निवळलं. थोडक्यात, दोघांचा संसार कितीही सुखी असला तरी केर काढणारा तिसरा कुणी लागतोच.

यानंतर मात्र साथ पसरली. काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाड्या किनाऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. 1854 साली फिलिप हेन्री गॉस याने 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक काढलं आणि तो शब्द घराघरात गेला. याच गॉसने समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्राची कृती दिली: खायचं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियमचं आणि पोटॅशियमचं क्लोराइड. म्हणजे माझं पावणेतीन किलोचं पाकीट हे गॉससाहेबांचंच नातवंड.

पुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. गॉसचं पुस्तक वाचून बायाबापड्या, मुलंबाळं, हातोड्या आणि बरण्या घेऊन किनाऱ्यांवर तुटून पडली. खडकांमधली रंगीत डबकी वर्षानुवर्षं ओरबाडली गेली. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 साली लिहिलं, की ते वैभव कायमचं गेलं आणि आपल्या पुस्तकांनी त्याला हातभार लावला याचं वडिलांना फार वाईट वाटे. ज्याने लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवलं, त्याच्यामुळेच किनारा ओका झाला. मी फाईल मिटून थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या टाकीतले मासे कुठल्या खडकातून ओरबाडलेले होते, हे मी दुकानदाराला विचारलंही नव्हतं.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या पानावर होतं. 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने दोन जातींच्या जिवाणूंचा छडा लावला. मासा जी घाण टाकतो तिचा अमोनिया होतो, तो विषारी. पहिले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. ते साठलं की थोडं पाणी बदलायचं, झालं. ही मंडळी दगडावर, वाळूवर, फिल्टरमध्ये राहतात. पण नव्या टाकीत नसतात. त्यांची वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या माशांना पाहिजे होते हे सहा आठवडे. आम्ही दिला होता एक दिवस.

मग आम्ही दुसऱ्यांदा टाकी लावली आणि तिच्यात काहीही सोडलं नाही. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, कुजू द्यायचं आणि परीक्षेच्या बाटलीत थेंब टाकून रंग बघायचा. नातू वहीत आकडे लिही. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "मासे कुठायत?"

"यायचेत."

"मग पाणी कशाला फिरतंय?"

"जिवाणूंसाठी."

यावर पाहुणा हिच्याकडे सहानुभूतीने बघे. ही म्हणे, "देव नसलेल्या देव्हाऱ्याला आरती चाललीय महिनाभर." अडतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नोकरीत माझी वर्षअखेर कधी इतकी जुळली नव्हती.

मासे या खेपेस विचारून आणले. विदूषक मासा माणसाच्या देखरेखीत वाढवता येतो. 1970 च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो याने ते धंद्याच्या प्रमाणावर करून दाखवलं, आणि आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याचं तंत्र बसवलं आहे. तेव्हा टाकीत जन्मलेलेच मासे घेतले. प्रवाळ घेण्याचा प्रश्नच नव्हता. 2001 पासून आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे. समुद्रपुष्प, ज्याच्या विखारी बोटांत हा मासा समुद्रात राहतो, तेही नवशिक्याने आणू नये. ते सांभाळणं माशाहून अवघड, आणि टाकीत माशाचं त्याच्यावाचून अडत नाही. हिने तुळशीची फुटकी कुंडी दिली. दोघांनी तासाभरात तिचा ताबा घेतला.

आता एक नाजूक बाब. हे मासे जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला जो मोठा आणि दांडगा, तो मादी होतो आणि घर चालवतो. मादी मेली तर तिचा नवराच मादी होतो. फ्रिके दांपत्याने हे 1977 साली शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. म्हणजे सिनेमात आई गेल्यावर निमोच्या बाबांची खरं तर आई व्हायला हवी होती. हे मी नातवाला अजून सांगितलेलं नाही. हिला सांगितलं. तिने मोठ्या माशाचं नाव 'वन्सं' ठेवलं आणि लहान्याकडे बघून म्हणाली, "याचा स्वभाव ओळखीचा वाटतो."

मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. आठ वाजले, नऊ वाजले. पंप बंद. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. नातू माझ्याकडे बघत होता. त्याच नजरेने.

मी तांब्या आणला, खिडकी उघडली, टाकीतलं पाणी भरून उंचावरून परत टाकीत सोडलं. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. नातू मेणबत्ती धरून मोजत होता. चारशेच्या पुढे माझा खांदा गेला.

"त्या लंडनच्या बाईकडे मोलकरीण होती," मी म्हणालो.

"कळलं," ही म्हणाली. पदर खोचून तिने माझ्या हातातला तांब्या घेतला. "झोपा तुम्ही जरा. आणि हे जर कुठे लिहिलंत, तर माझं नाव घाला."

वीज पहाटे पावणेतीनला आली. वन्सं आणि त्यांचे यजमान कुंडीत शांत झोपले होते. नातू खुर्चीतच झोपला होता, वही मांडीवर. तिच्यात त्याने शेवटची ओळ लिहिली होती: 'आजोबा ४१२, आजी १९०६.'

हिचं नाव मी घालणार होतो. पण आमच्या पिढीत बायकोचं नाव नुसतं कसं घ्यायचं? उखाण्यात घ्यावं लागतं, आणि 'मोनियम'ला यमक अजून सापडलेलं नाही.